सोसायटीच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स करावं का?

तुमचा प्रश्न लांबलचक आहे, म्हणून इतर वाचणाऱ्यांसाठी आधी त्याचा गोषवारा देतो. तुम्ही नोकरी सांभाळून गेल्या चार वर्षांत गृहनिर्माण सोसायट्यांसाठी वेबवर चालणारं एक सॉफ्टवेअर लिहिलंत. मासिक देखभाल बिलं, पावत्या, थकबाकीवरचं व्याज, वर्षअखेरचा ताळेबंद हे सगळं त्यात आहे. ते जावा भाषेत, स्प्रिंग ही चौकट आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस घेऊन केलंय, आणि बिलांच्या पीडीएफसाठी आयटेक्स्ट ही लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, आहे. सांगली-कोल्हापूरकडच्या तीसेक सोसायट्या ते वापरतात आणि वर्षाला थोडे पैसे देतात. व्याजाच्या हिशोबाचा भाग एका मित्राने लिहून दिलाय. एक जण म्हणतो, ओपन सोर्स कर, म्हणजे मूळ कोड (सोर्स) सगळ्यांना बघायला, वापरायला आणि बदलायला खुला कर, गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर टाक, लोक येऊन सुधारतील. दुसरा म्हणतो, वेडा आहेस का, उद्या पुण्यातली एखादी कंपनी नाव बदलून तेच विकेल. तुम्हाला विचारायचंय की टाकावं का, टाकलं तर कुठल्या लायसन्सखाली, म्हणजे वापराच्या कुठल्या अटींवर, ‘वापरा पण विकू नका’ अशी अट घालता येईल का, आणि पोटापाण्याचं काय.

मी पेशाने प्रोग्रॅमर आहे आणि बरीच वर्षं दोन-तीन छोट्या ओपन सोर्स प्रकल्पांचा मेंटेनर, म्हणजे ते सांभाळणारा, आहे. वकील नाही. कायद्याचं पुढे जे येईल ते या कामात सतत लागतं तेवढंच आहे. सही करायची वेळ आली तर जाणत्या वकिलाला दाखवा.

तुमच्या प्रश्नात चोरीची भीती ठिकठिकाणी दिसते. माझ्या पाहण्यात तरी छोटे प्रकल्प चोरीने बुडत नाहीत. बुडतात ते दोन कारणांनी. कोड नक्की कोणाचा हे कधी ठरवलेलंच नसतं, आणि सगळा भार एकाच माणसावर असतो. लायसन्सची निवड या दोन्हींच्या मानाने सोपी आहे, म्हणून ती थोडी मागे ठेवतो.

आधी मालकी. भारतीय कॉपीराइट कायदा (१९५७) संगणक प्रोग्रॅमला साहित्यकृतीत धरतो. नोंदणी सक्तीची नाही, लिहिणाऱ्याला लिहिताक्षणी हक्क मिळतो. मात्र कलम १७ प्रमाणे नोकरीचं काम म्हणून लिहिलेल्या गोष्टीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. तुम्ही रात्री, घरी, स्वतःच्या लॅपटॉपवर आणि कंपनीच्या धंद्याशी संबंध नसलेलं काही लिहिलं असेल तर बाजू तुमची बळकट आहे. पण आयटी कंपन्यांच्या नेमणूकपत्रांत बऱ्याचदा एक कलम असतं की नोकरीच्या काळात जे काही तयार कराल ते कंपनीचं. ते पत्र काढा आणि शेवटच्या पानापर्यंत वाचा. तसं कलम असेल तर एचआरकडून लेखी ना-हरकत घ्या. हे आज मागणं सोपं आहे. सॉफ्टवेअर नावारूपाला आल्यावर तीच चिठ्ठी मिळणं अवघड होऊन बसतं.

आता मित्र. ‘त्याने सहज करून दिलं, तो काही म्हणणार नाही’ असं तुम्ही लिहिलंय. मानलं. तरीही व्याजाचा तो भाग आजच्या घडीला त्याच्या मालकीचा आहे. हक्क तुमच्या नावावर करून घ्यायचा तर कलम १९ प्रमाणे ते लेखी आणि सहीनिशी लागतं, आणि त्या कागदावर मुदत घातली नाही तर हस्तांतर ५ वर्षांपुरतं, प्रदेश घातला नाही तर भारतापुरतं धरलं जातं. इंटरनेटवरून उतरवलेल्या मसुद्यांत या दोन ओळी हमखास नसतात. हस्तांतराच्या भानगडीत पडायचं नसेल तर साधा रस्ता आहे. ‘मी लिहिलेला अमुक भाग अमुक लायसन्सखाली खुला करायला माझी संमती आहे’ एवढं त्याच्याकडून सहीनिशी घ्या. त्याचा हक्क त्याच्याकडे राहतो आणि तुमची वाट मोकळी होते. कुठला पर्याय निवडायचा हे तुम्ही पुढे पैसे कसे मिळवणार यावर ठरतं, ते खाली येईलच.

दुसरी गोष्ट कुणी विचारत नाही आणि सगळ्यात जास्त तीच अंगाशी येते. तुमच्या रेपोत, म्हणजे कोड आणि त्याचा सगळा इतिहास ठेवलेल्या जागेत, आत्ता काय काय आहे? मला जेवढे घरगुती प्रकल्प लोकांनी ‘उघडण्याआधी एकदा बघाल का’ म्हणून दाखवले, त्यातल्या बहुतेकांत ‘सॅम्पल’ नावाच्या फोल्डरमध्ये खरा डेटा निघाला. तुमच्या बाबतीत याचा अर्थ एखाद्या सोसायटीची थकबाकीदारांची यादी, नावं, फ्लॅट नंबर आणि मोबाइलसकट. सोबत कॉन्फिगरेशनच्या फायलीत डेटाबेसचा पासवर्ड. ‘ती फाइल मी नंतर डिलीट केली’ म्हणून सुटका होत नाही, कारण गिट, म्हणजे कोडमधले बदल नोंदवणारं साधन, प्रत्येक जुनी अवस्था जपून ठेवतं. चार वर्षांपूर्वीचा कमिट, म्हणजे तेव्हा नोंदवलेला बदल, उघडला की यादी जशीच्या तशी समोर येते. हिस्टरी धुवायला ‘गिट फिल्टर-रेपो’ आहे, पण तुमच्या ठिकाणी मी असतो तर जुना रेपो खाजगीच ठेवला असता आणि आजच्या कोडची स्वच्छ प्रत पहिला कमिट म्हणून नव्या रेपोत टाकली असती. पासवर्ड आणि इतर गुप्त किल्ल्या (कीज) तर काहीही झालं तरी बदला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झालाय. पण कायदा बाजूला ठेवला तरी थकबाकीदारांची यादी जगभर गेल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी तुमच्याशी काय बोलतील याची कल्पना करा.

आता आयटेक्स्टकडे येतो. तुमच्या प्रश्नात तो जाता जाता आलेला उल्लेख आहे, पण ओपन सोर्स करावं का या प्रश्नाचा अर्धा निकाल कदाचित तिथेच लागलेला असेल. जुनं आयटेक्स्ट, म्हणजे २.१.७ पर्यंतचं, एलजीपीएल आणि एमपीएल या लायसन्सखाली होतं. बंद, म्हणजे सोर्स न देणाऱ्या, सॉफ्टवेअरमध्येही ते वापरता यायचं. २००९च्या अखेरीस आलेल्या ५व्या आवृत्तीपासून ते एजीपीएल या कडक लायसन्सखाली गेलं. तेव्हापासून त्या कंपनीची भूमिका अशी आहे की तुमच्या वेब सॉफ्टवेअरमध्ये ते घातलं तर एक तर स्वतःचा सोर्सही एजीपीएलप्रमाणे वापरणाऱ्यांना द्या, नाहीतर पैसे भरून व्यापारी लायसन्स घ्या. म्हणजे ‘उघडू की नको’ असा विचार तुम्ही आज करताय, पण तुमचं बंद सॉफ्टवेअर बंद ठेवण्याचा हक्क तुमच्याकडे आधीपासूनच नसण्याची शक्यता आहे. आवृत्ती ओळखणं सोपं आहे. इम्पोर्टच्या ओळींत ‘लोवॅजी’ दिसलं तर जुनं, ‘आयटेक्स्टपीडीएफ’ दिसलं तर नवं. जुनं असेल तर काळजी नाही, त्याच वंशातला ओपनपीडीएफ हा फोर्क, म्हणजे त्याच कोडमधून फुटलेला वेगळा प्रकल्प, आजही चालू आहे, त्यावर जा.

खरं सांगायचं तर मराठी बिलांसाठी मी दोन्ही सोडून देईन. आयटेक्स्ट ५ला देवनागरीची जुळणी येत नाही. तुमच्या बिलावर ‘वार्षिक’ शब्दातला रफार सुटलेला आणि वेलांटी ‘ष’च्या चुकीच्या बाजूला आलेली दिसत असेल, तर त्याचं कारण हेच. नव्या आवृत्तीत ही सोय वेगळ्या पुरवणीत मिळते. त्यापेक्षा बिल एचटीएमएलमध्ये मांडा आणि क्रोमियम (क्रोममागचा खुला ब्राउझर) किंवा वीझीप्रिंट या साधनाकडून त्याची पीडीएफ करून घ्या. दोघांच्या पोटात हार्फबझ आहे. अक्षरं जुळवणारं हे इंजिन फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि लिब्रेऑफिस सगळेच वापरतात. ते इतकं चांगलं झालं यामागे फार मोठी परोपकारी भावना होती असं मला वाटत नाही. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांना कळलं की जोडाक्षरं प्रत्येकाने स्वतंत्र जुळवत बसण्यात कुणाचाच फायदा नाही. मराठीसाठी केलेली एक दुरुस्ती तिथे गेली की ती कोकणीला आणि नेपाळीलाही मिळते, आणि ज्याला याची गंधवार्ता नाही अशा सोसायटीच्या क्लार्कच्या पडद्यावर ‘वार्षिक’ नीट उमटतं. फॉन्टसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेला ‘मुक्त’ घ्या. तो ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे, म्हणजे सॉफ्टवेअरसोबत बांधून देता येतो, फक्त सुटा फॉन्ट विकता येत नाही.

आता तुमचा लाडका प्रश्न. ‘वापरा पण विकू नका’ असं लायसन्स लिहिता येतं, तुमचा कोड आहे, तुमची मर्जी. फक्त त्याला ओपन सोर्स म्हणता येत नाही. ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेची व्याख्या १९९८ची, डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या प्रकल्पाच्या नियमांवरून घेतलेली. कोणत्याही क्षेत्रातल्या वापराला मज्जाव करायचा नाही हे तिच्यात स्पष्ट आहे, आणि धंदा हेही क्षेत्रच.

व्याख्या बाजूला ठेवू. व्यवहारात काय होतं ते बघा. एक अकाउंटंट बाई दहा सोसायट्यांची पुस्तकं लिहितात आणि त्याचे पैसे घेतात. त्यांनी तुमचं सॉफ्टवेअर वापरलं तर ती विक्री झाली का? एखाद्या पोराने पाच सोसायट्यांत ते बसवून दिलं आणि येण्याजाण्याचे हजार रुपये घेतले, तर? तुमची हरकत नसेल, पण त्यांना हे कसं कळणार? ज्याला नियम पाळायचेत तो घाबरून लांब राहतो आणि ज्याला पाळायचे नाहीत तो खुशाल विकतो. लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या बाबतीतही हेच घडलं होतं. लिनस टॉरवाल्ड्सने १९९१ साली पहिल्या आवृत्तीला लावलेल्या लायसन्समध्ये वाटण्यासाठी पैसे घ्यायला बंदी होती, हाताळणीचा खर्चसुद्धा घ्यायचा नाही. म्हणजे फ्लॉपीवर कॉपी करून देणाऱ्याने फ्लॉपीचे पैसेही मागायचे नाहीत. १९९२मध्ये त्याने ती अट काढून जीपीएल हे लायसन्स लावलं. पुढे लोकांनी लिनक्सच्या सीडी विकल्या, त्यावर कंपन्या काढल्या, आणि त्या कंपन्यांनी पगार देऊन ठेवलेल्या माणसांनीच आजच्या कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, मोठा हिस्सा लिहिलाय. विकायला बंदी राहिली असती तर हे पगार कुठून आले असते?

तर विक्रीची भीती सोडून द्या आणि खऱ्या भीतीला हात घाला. ती अशी आहे, की पुण्याची कंपनी तुमचा कोड घेईल, सुधारेल, कुलूप लावेल आणि तुमच्याच गिऱ्हाइकांना विकेल. यासाठी लायसन्समध्ये उपाय आहे, पण कुठल्या लायसन्समध्ये हे महत्त्वाचं.

एमआयटी किंवा अपाचे घेतलंत तर त्या कंपनीने कुलूप लावण्यात गैर काही नाही, फक्त तुमचं नाव आणि लायसन्सचा मजकूर ठेवायचा. लायब्ररीसाठी मी स्वतः हीच वापरतो, कारण लायब्ररी जितक्या ठिकाणी जाईल तितकी बरी. जीपीएल सांगतं की प्रत दुसऱ्याला दिलीत तर सोर्सही त्याच अटींवर द्या. पण तुमचं सॉफ्टवेअर वेबवरचं आहे. कंपनी ते आपल्या सर्व्हरवर चालवेल, प्रत कुणालाच देणार नाही, त्यामुळे साध्या जीपीएलचं बंधनही लागू होणार नाही. ही पळवाट बुजवण्यासाठीच एजीपीएल आहे. त्याची ३री आवृत्ती नोव्हेंबर २००७ची. तिचं १३वं कलम म्हणतं, बदललेली आवृत्ती नेटवर्कवरून वापरायला दिलीत तर वापरणाऱ्यांना तिचा सोर्स मिळायला हवा. तुमच्यासाठी मी एजीपीएल ३ सुचवेन. स्प्रिंग अपाचे २.०खाली आहे, पोस्टग्रेसचा जावा ड्रायव्हर बीएसडीखाली, दोन्ही त्यात बसतात, आणि नवं आयटेक्स्ट निघालं तर तेही बसतं.

एक गोष्ट मात्र समजून घ्या. एजीपीएल लावूनही पुण्याची कंपनी तुमचं सॉफ्टवेअर विकू शकेल, तुमच्याच गिऱ्हाइकांना, तुमच्याहून स्वस्तात. तिने केलेल्या सुधारणा तुम्हाला घेता येतील, एवढीच हमी. हे ज्याला अजिबात गिळता येत नाही त्याने ओपन सोर्स करू नये, उगाच अर्धवट लायसन्स लिहून स्वतःला आणि लोकांना फसवू नये. बंद सॉफ्टवेअर विकणं हा सरळ धंदा आहे, त्यात कमीपणा काही नाही.

आणि लायसन्स मोडलं तर कोर्टात कोण जाणार, असं तुम्ही विचारलंय. बहुतेक वेळा जावं लागत नाही. २००३ साली लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या वायफाय राउटरमध्ये लिनक्स आहे आणि सोर्स दिलेला नाही हे लोकांच्या लक्षात आलं. बोभाटा झाला आणि कंपनीने सोर्स दिला. त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं खुलं सॉफ्टवेअर उभं राहिलं, जे आज शेकडो जातींच्या राउटरवर चालतं. इथेही मोठ्या कंपन्यांचा कायदा विभाग अशा पत्राला घाबरतो. गल्लीतला विक्रेता घाबरत नाही, हे खरं. पण तो बंद सॉफ्टवेअरच्या चोरीलाही कुठे घाबरतो?

नाव मात्र सांभाळा. लायसन्स कोडचं असतं, नावाचं नाही. फायरफॉक्सचा कोड खुला असूनही ट्रेडमार्कच्या वादामुळे डेबियनला २००६ ते २०१६ ते ‘आइसवीझल’ या नावाने द्यावं लागलं होतं. तुमच्या सॉफ्टवेअरचं नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवलंत तर कंपनी कोड घेईल, पण तुमच्या नावाने विकू शकणार नाही. गावोगावच्या सेक्रेटरींना लायसन्सपेक्षा नावच ओळखू येतं.

इथवरचं सगळं रेपो उघडण्याआधीचं. आता ‘लोक येऊन सुधारतील’ याबद्दल.

येत नाहीत. निदान तुम्हाला हे सांगणाऱ्याला वाटतंय तसे येत नाहीत. पहिले काही महिने कुणीच फिरकत नाही. मग एखादा इश्यू, म्हणजे तक्रारीची नोंद, येतो, ‘चालत नाही’ एवढाच. तुम्ही विचारता कुठली आवृत्ती, काय केलं, काय दिसलं, आणि तिकडून उत्तर नाही. मग कुणीतरी जीएसटी जोडा म्हणून मागणी करतो, आठवड्याने ‘अजून झालं नाही का’ म्हणून विचारतो. काम करणारे हात येण्याआधी काम सांगणारी तोंडं येतात, त्याची तयारी ठेवा. आणि नाही म्हणायला शिका, लवकर आणि कारण देऊन. तीन महिने लटकवलेल्या ‘बघतो’पेक्षा त्याच दिवशीचा नकार माणसाला बरा वाटतो.

पण जे येतं ते बहुधा अपेक्षा नसलेल्या दिशेने येतं. आमची पावत्या छापायची एक छोटी लायब्ररी आहे, तिच्यात रक्कम अक्षरी लिहायची सोय आहे. इंग्रजीत तीसेक शब्दांत भागतं. मराठीत शंभरपर्यंत प्रत्येक आकड्याचं रूप वेगळं, म्हणून पूर्ण कोष्टकच लागतं, आणि सुरुवातीचं कोष्टक कुणीतरी हिंदीवरून बेतलेलं होतं. पावतीवर ८९ रुपयांना ‘नवासी’ छापलं जायचं. प्रोग्रॅमर मंडळींपैकी कुणाच्या ते नजरेत आलं नाही, कारण चाचण्या शंभर, पाचशे, हजार अशा गोल आकड्यांच्या. एके दिवशी नगर जिल्ह्यातल्या एका निवृत्त लेखापरीक्षकांची मेल आली. त्यांचं गिटहबवर खातं नव्हतं. वहीच्या पानावर एक ते शंभर स्वच्छ अक्षरात लिहून त्याचा फोटो जोडला होता. एकोणऐंशी, एकोणनव्वद, नव्व्याण्णव. खाली दोन सूचना होत्या. रकमेच्या शेवटी ‘फक्त’ आलंच पाहिजे, नाहीतर पुढे कोणी काहीही लिहील. आणि हजारांनंतरचे स्वल्पविराम लाख-कोटींच्या पद्धतीने पडले पाहिजेत. ते कोष्टक मी टंकून घातलं आणि कमिटमध्ये सहलेखक म्हणून त्यांचं नाव टाकलं. त्यांना कमिट म्हणजे काय हे फोनवर सांगावं लागलं, पण नाव दिसलं तेव्हा आवाजात आनंद होता. त्यानंतर पावतीच्या मसुद्यात ऑडिटला काय अडतं याच्या बारीकसारीक नोंदी ते पाठवत राहिले. त्या पगारी सल्लागाराकडूनही मिळाल्या नसत्या.

तुमच्या बाबतीत असे लोक प्रोग्रॅमर नसतील. सेक्रेटरी, खजिनदार, ऑडिटर, सोसायट्यांची कामं करणारे अकाउंटंट असतील. म्हणून प्रकल्पाची ओळख देणारी वाचा-मला (रीडमी) फाइल मराठीतही लिहा, आणि गिटहबखेरीज एक साधा ईमेल पत्ता द्या. व्याजाचे नियम कोडमध्ये विखुरलेले असतील तर एका ठिकाणी आणा आणि प्रत्येक नियमाशेजारी उपविधीतलं कुठलं कलम ते मराठीत लिहा. ते पान ऑडिटरला वाचता आलं पाहिजे. चूक शोधायला त्याच्यासारखा माणूस नाही.

एकट्याने भार वाहण्याबद्दल सुरुवातीला म्हटलं होतं, त्याचं ताजं उदाहरण एक्सझेडचं. डेटा दाबून लहान करणारी ही लायब्ररी जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असते, आणि सांभाळणारा बराच काळ एकच थकलेला स्वयंसेवक होता. ‘जिया टॅन’ नावाने कुणीतरी दोनेक वर्षं नीट काम करून त्याचा विश्वास मिळवला, हक्क मिळवले, आणि ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या अभियंत्याला एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या संगणकावर दुरून जायच्या सोयीने, लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, म्हणून तो चोरदरवाजा उघडकीला आला. सोर्स खुला होता म्हणून फ्रॉइंडला मुळापर्यंत जाता आलं, हे खरं. पण मेंटेनरला वेळेवर कुणी हात दिला असता तर तो हात कोणाचा हे बघायला त्याला उसंत मिळाली असती, हेही तितकंच खरं. तुमच्या सोसायटी सॉफ्टवेअरवर कुठलं गुप्तहेर खातं डोळा ठेवणार नाही. तरी मदत मागत येणाऱ्याला पहिल्याच महिन्यात सगळ्या किल्ल्या देऊ नका, आणि सहा महिने नीट काम करणाऱ्याला त्या द्यायला कचरूही नका. मित्र तयार असेल तर पहिल्या दिवसापासून त्याला दुसरा मेंटेनर करा.

आलेल्या पॅचचा, म्हणजे लोकांनी पाठवलेल्या दुरुस्तीचा, हक्क कोणाचा? इथे वाटा फुटतात. लिनक्समध्ये २००४पासून एक सोपी पद्धत आहे. पॅच देणारा ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी ओळ लिहून ग्वाही देतो की हे देण्याचा मला अधिकार आहे. हक्क त्याचाच राहतो. हक्कदार हजारो, म्हणून लिनक्सचं लायसन्स आता कुणा एकाला बदलता येत नाही. दुसरी पद्धत म्हणजे प्रत्येकाकडून करार लिहून घ्यायचा आणि सगळे अधिकार एका हातात ठेवायचे. त्यामुळे एजीपीएल नको असलेल्यांना वेगळं व्यापारी लायसन्स विकता येतं. आयटेक्स्ट तेच करतं. पण ज्याच्या हातात सगळं आहे तो उद्या दारही लावू शकतो. ऑगस्ट २०२३मध्ये हॅशिकॉर्प या कंपनीने आपल्या टेराफॉर्म या खुल्या साधनाचं लायसन्स बदलून बंदिस्त केलं, आणि नाराज लोकांनी ओपनटोफू हा फोर्क काढून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली नेला. रेडिस या डेटाबेसचं मार्च २०२४मध्ये तसंच झालं, त्यातून वॅल्की हा फोर्क निघाला. तुम्ही व्यापारी लायसन्स विकण्याचा बेत करत असाल तर मित्राकडून हस्तांतर आणि बाकीच्यांकडून करार घ्या. नसाल तर साइन्ड-ऑफची ओळ पुरे. मी साइन्ड-ऑफच सुचवेन. तीस सोसायट्यांच्या धंद्यात व्यापारी लायसन्सला गिऱ्हाईक मिळेल असं मला वाटत नाही, आणि करार समोर ठेवला की नगरच्या लेखापरीक्षकांसारखी माणसं मेल पाठवणार नाहीत.

मग पैसे कुठून? सोसायट्या तुम्हाला आज कशाचे पैसे देतात ते नीट बघा. कमिटीतल्या कुणालाही सोर्स कोडशी देणंघेणं नाही. एक्सेलमधल्या जुन्या नोंदी तुम्ही चढवून देता, सर्व्हर चालू ठेवता, बॅकअप घेता, खजिनदार बदलला की नव्याला शिकवता, आणि ऑडिटर खोलीत बसलेला असताना फोन उचलता. हे सगळं कोड खुला झाल्यावरही तुम्हीच करणार आणि त्याचे पैसे तुम्हीच घेणार. मुंबईच्या फ्रापेने ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचे हिशोब आणि कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर जीपीएल ३खाली ठेवूनच कंपनी चालवली आहे. क्लाउडवर चालवून देणं आणि आधार पुरवणं यावर त्यांची कमाई आहे, आणि इतर अनेक छोटे सल्लागारही त्याच कोडवर पोट भरतात. त्यांचा पसारा मोठा, तुमचा लहान, पण हिशोबाची रीत तीच. देणग्यांवर मात्र बेत आखू नका. झेरोधा या शेअर दलाली कंपनीने २०२४मध्ये ओपन सोर्स प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला, छान गोष्ट आहे, पण असा पैसा आधीच दूरवर वापरल्या जाणाऱ्या प्रकल्पांकडे जातो.

उलट कोड खुला असणं ही सोसायटीपुढे मांडायची तुमची सगळ्यात जमेची बाजू आहे. कोणतीही शहाणी कमिटी एकट्या प्रोग्रॅमरला विचारते, ‘तुम्ही दुबईला गेलात तर आमचं काय?’ आज तुमच्याकडे याचं उत्तर नाही. उद्या म्हणता येईल, कोड इथे आहे, तुमच्या डेटाची पूर्ण प्रत दर महिन्याला तुमच्याकडे आहे, दुसरा कुणीही जावा जाणणारा हे पुढे चालवू शकतो. दरपत्रकात हे पहिल्या ओळीत लिहा. पुण्याच्या कंपनीला तसं लिहिता येणार नाही, आणि तुमचाच कोड घेऊन लिहिलं तर निदान गिऱ्हाइकाला कळेल की मूळ कोणाचं.

हे सगळं जमण्यासारखं असेल तर करा. आठवड्याला दोन-तीन तास अनोळखी लोकांच्या शंकांना देता येणार नसतील, किंवा वर्गणी कमी झाली तर घरखर्च अडणार असेल, तर अजून थांबा. नवं आयटेक्स्ट असेल तर ते काढून टाका आणि सॉफ्टवेअर बंदच ठेवा. एक मधला मार्गही आहे. व्याजाचं गणित आणि अक्षरी रक्कम हे दोन तुकडे वेगळ्या लायब्ररी म्हणून एमआयटीखाली खुले करा, बाकीचं राहू द्या. लोकांशी काम करणं तुम्हाला मानवतं का ते तेवढ्यातही कळतं.

करायचंच ठरलं तर मुहूर्त मात्र नीट निवडा. ३१ मार्चनंतर सोसायट्यांचा ताळेबंद, मग ऑडिट, मग ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा, या सहा महिन्यांत तुमचा फोन ठेवायला फुरसत नसते. सभा उरकू द्या आणि ऑक्टोबरच्या शेवटी उघडा. पुढच्या मार्चपर्यंत पाच महिने मिळतील, पहिल्या इश्यूंना उत्तरं द्यायला आणि मित्राला रिलीज काढायला शिकवायला तेवढे लागतातच.